टाइमलाइन अडखळते, रेंडर मधेच थांबतं: कलर करताना बिघाड नेमका कुठं शोधायचा

लातूर-नांदेडपासून जालना-बीडपर्यंत लग्नसराईत एडिटिंगच्या दुकानांतली तक्रार ठरलेली असते: कटिंगपर्यंत मशीन पळतं, कलर म्हणजे रंगदुरुस्ती लावली की अडकतं. त्यावर पहिला सल्ला मिळतो नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याचा. कार्ड बदलून फरक पडेलही, पण निम्म्या वेळा दोष कार्डात नसतो. फुटेजच्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत), जुन्या हार्ड डिस्कमध्ये, नाहीतर मे महिन्यातल्या उकाड्यात असतो. म्हणून खर्चाआधी दहा मिनिटांची तपासणी करा.

इथं मुख्यतः दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग-कलरचं सॉफ्टवेअर धरून सांगितलं आहे. प्रीमियर प्रो जिथं वेगळं वागतं तिथं तसं लिहिलं आहे. एडियसवाल्यांनाही तर्क हाच लागू पडतो, फक्त मेनू वेगळे.

आधी ठरवा, अडतंय कुठं

एक फ्रेम स्क्रीनवर यायला चार कामं ओळीनं व्हावी लागतात. डिस्कवरून फाइल वाचली जाते, ती उलगडली जाते म्हणजे डिकोड होते, ग्राफिक्स कार्ड तिच्यावर कलरचं गणित करतं आणि मग ती दिसते. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर या सगळ्याला मिळून एका फ्रेममागे ४० मिलिसेकंद मिळतात. चारपैकी एक जण जरी मागं राहिला तरी प्लेबॅक अडखळतो. बाकीचे तिघं कितीही तगडे असले तरी उपयोग नाही.

१. कलर पेजवर सगळ्यात जास्त त्रास देणारी क्लिप घ्या आणि दहा-पंधरा सेकंद चालवा. व्ह्यूअरच्या वर फ्रेम रेटचा आकडा आणि शेजारी ठिपका दिसतो. ठिपका हिरवा असेल तर पूर्ण वेग मिळतोय, लाल असेल तर नाही. प्रीमियरमध्ये प्रोग्राम मॉनिटरच्या पान्याच्या मेनूतून ड्रॉप्ड फ्रेम इंडिकेटर चालू करा.

२. आता शिफ्ट+डी दाबून सगळं कलरकाम बायपास करा आणि तीच क्लिप पुन्हा चालवा. प्रीमियरमध्ये यासाठी ग्लोबल एफएक्स म्यूटचं बटण आहे. ते दिसत नसेल तर प्रोग्राम मॉनिटरच्या बटण एडिटरमधून खाली ओढून घ्यावं लागतं.

३. कलर बंद करूनही अडखळत असेल तर कलरचा संबंध नाही, दोष फुटेजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. कलर बंद केल्यावर सुरळीत झालं तर दोष नोड्समध्ये, म्हणजे कलरच्या एकेका टप्प्यात आहे.

४. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅब शेजारी ठेवा. सीपीयू १०० टक्क्यांवर आणि जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) 'व्हिडिओ डिकोड' आलेख शून्यावर असेल तर फाइल उलगडण्याचं ओझं एकट्या प्रोसेसरवर पडलंय. जीपीयूचा '३डी' किंवा 'कूडा' आलेख भरलेला असेल तर इफेक्ट जड आहेत. डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर वेगळं सांगायला नको. सगळे आलेख निवांत आणि तरीही झटके बसत असतील तर बहुतेक फ्रेम रेटचा घोळ आहे.

ही तपासणी झाल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. चार सेटिंग एकदम बदलल्या की कशानं फरक पडला हे कळायचा मार्ग राहत नाही.

कलर बंद केला तरी अडखळतंय

कॅमेऱ्याच्या एच.२६४ आणि एच.२६५ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्या फ्रेममध्ये आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. टाइमलाइनवर मधेच उडी मारली की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं जुळवत यावं लागतं. मेमरी कार्डात जागा कमी लागावी म्हणून ही पद्धत आहे, एडिटरच्या सोयीसाठी नाही.

त्यातही रंगाची जास्त माहिती साठवणारं १०-बिट ४:२:२ फुटेज सर्वांत त्रासदायक. सोनीच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हा पर्याय हौसेनं निवडला जातो, पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या कार्डांना ४:२:२ हार्डवेअरवर उलगडता येत नाही. ३०६० असो की ४०७०, एच.२६५ ४:२:२ पुढं दोघांची गत एकच. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाला मात्र एच.२६५ ४:२:२ झेपतं. इथं नेहमी फसगत होते ती 'एफ' अक्षराची. १२४००एफ सारखा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेतला जातो, पण 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही आणि ग्राफिक्स नाही म्हणजे क्विक सिंकही नाही. मशीन असेंबल करून घेताना दुकानदाराला हे स्पष्ट सांगा. 'एफ' नसलेला प्रोसेसर असूनही क्विक सिंक दिसत नसेल तर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स बंद आहे का ते बघा. वेगळं कार्ड बसवलं की काही बोर्ड ते आपोआप बंद करतात.

हार्डवेअर बदलायचं नसेल तर खात्रीचा उपाय प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी नक्कल. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या मास्टर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचं रिझोल्यूशन 'हाफ' आणि फॉरमॅट 'डीएनएक्सएचआर एलबी' करा. मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून उजवी क्लिक करा आणि 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' द्या. रात्री लावून ठेवलं तर सकाळी तयार असतं. मग प्लेबॅक मेनूतून 'प्रिफर प्रॉक्सीज' निवडा. कॅमेऱ्याचं १०० एमबीपीएसचं ४के फुटेज तासाला ४५ जीबी होतं आणि त्याची अर्ध्या मापाची प्रॉक्सी तासाला साधारण १६ जीबी. तीन कॅमेऱ्यांचं चार तासांचं लग्न म्हणजे प्रॉक्सीसाठी २०० जीबीच्या आसपास जागा मोकळी हवी. डिलिव्हर पेजवर 'यूज प्रॉक्सी मीडिया' ही खूण काढलेली असायला हवी, नाहीतर गिऱ्हाइकाला प्रॉक्सीच रेंडर होऊन जाईल.

डिस्कचं गणित सोपं आहे. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क एकाच मोठ्या फाइलला सेकंदाला १५० एमबीच्या आसपास देते. मल्टिकॅममध्ये, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिट करताना, तीन-चार फाइल एकदम मागितल्या की तिचं वाचन-डोकं इकडून तिकडं पळत राहतं आणि वेग कोसळतो. साटा एसएसडी ५०० एमबीपर्यंत जाते. बाहेरची डिस्क कॅबिनेटच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात लावली असेल तर ३०-४० एमबीच्या वर काही मिळणार नाही, डिस्क कितीही महाग असो. कार्ड रीडरमधून थेट एडिट करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

आता फ्रेम रेट. रिझॉल्व्हचा नवा प्रोजेक्ट २४ वर उघडतो आणि आपल्याकडं शूट असतं २५ किंवा ५० वर. टाइमलाइनवर फुटेज टाकलं की हा आकडा कुलूपबंद होतो, म्हणून पहिली क्लिप ओढण्याआधी २५ करा. चुकून राहिलंच तर नवी टाइमलाइन उघडा, तिच्या वेगळ्या सेटिंगमध्ये २५ द्या आणि जुनी तिच्यात कॉपी करा.

पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या क्लिप ही वेगळीच डोकेदुखी. मोबाइल बहुधा फ्रेम रेट कमी-जास्त करत शूट करतो. त्यामुळे झटके बसतात आणि मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांच्या पुढं-मागं जातो. मीडियाइन्फो या फाइल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रेम रेट मोड' समोर 'व्हेरिएबल' दिसलं तर हँडब्रेकमध्ये ती फाइल २५ आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' देऊन बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा.

कलर चालू केला की अडखळतंय

एकेक नोड निवडून कंट्रोल+डी दाबत जा आणि प्रत्येक वेळी फ्रेम रेटचा ठिपका बघा. ज्या नोडला ठिपका हिरवा होतो तो गुन्हेगार. लिफ्ट, गामा, गेन, कर्व्ह, लट (LUT, रंग बदलायचा तयार तक्ता) या गोष्टी कार्डाला किरकोळ आहेत. जड जातात त्या नॉइज रिडक्शन (विशेषतः टेम्पोरल), मॅजिक मास्क, चेहरा गोरा-गुळगुळीत करणारे इफेक्ट, मोठा ग्लो आणि ब्लर. टेम्पोरल नॉइज रिडक्शनला एका फ्रेमसाठी आजूबाजूच्या अनेक फ्रेम वाचून तोलाव्या लागतात, त्यामुळे डिकोडिंगचं ओझंही तेवढ्या पटीनं वाढतं. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाहीच, लावलं तर चित्रावर वॉटरमार्क येतो.

नॉइज रिडक्शन लागणारच असेल तर ते कुठं ठेवता याला फार महत्त्व आहे. नोडचा कॅश (आधीच गणित करून साठवलेल्या फ्रेम) त्याच्या आधीच्या कुठल्याही नोडमध्ये बदल झाला की रद्द होतो, नंतरच्या नोडमधल्या बदलानं होत नाही. म्हणून नॉइज रिडक्शन पहिल्या नोडवर घ्या, त्यावर उजवी क्लिक करून 'नोड कॅश' 'ऑन' करा, एकदा कॅश होऊ द्या आणि मग पुढच्या नोडमध्ये कितीही कलर खेळा. तेच शेवटच्या नोडवर ठेवलं तर गेनचं चाक केसभर फिरवलं तरी सगळा कॅश पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर टाइमलाइनवरची कॅशची लाल पट्टी निळी होण्याची वाट बघत बसणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

कॅश कुठं जातो आणि किती जागा खातो हेही बघून ठेवा. विंडोजवर कॅशचा फॉरमॅट डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स असेल आणि टाइमलाइन ४के २५ असेल तर तासाभराचा कॅश ३०० जीबीच्या वर जातो. सी ड्राइव्हवर २५६ जीबीची एसएसडी असलेल्या मशीनचं त्यात काय होतं ते सांगायला नको. वर्किंग फोल्डर्समध्ये कॅशची जागा दुसऱ्या एसएसडीवर द्या. काम ८-बिट फुटेजचं असेल तर फॉरमॅट 'एसक्यू' वर उतरवला तरी चालतो, फक्त डिलिव्हर करताना 'यूज रेंडर कॅश्ड इमेजेस' बंद ठेवा. काम सोपवलं की प्लेबॅक मेनूतून 'डिलीट रेंडर कॅश' करा.

'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येत असेल तर ४ जीबीच्या कार्डावर ४के टाइमलाइन चालवण्याचा तो सरळ परिणाम आहे. गिऱ्हाइकाला १०८०च द्यायचं असेल तर टाइमलाइनच १०८०ची करा, ४के फुटेज तिच्यात बसतं. ४के द्यायचंच असेल तर कलर १०८०वर करा आणि रेंडरच्या आधी रिझोल्यूशन वाढवा. मात्र नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग पूर्ण मापावर वेगळं दिसतं, तेवढे शॉट पुन्हा डोळ्याखालून घाला. ब्राउझरच्या वीस टॅब आणि मागं उघडं फोटोशॉप हेही त्याच मेमरीवर जगत असतात.

प्रीमियरमध्ये टाइमलाइनवर लाल पट्टी म्हणजे बहुधा रेंडर लागेल, पिवळी म्हणजे बिनरेंडरचं चालायला हवं, हिरवी म्हणजे रेंडर झालेलं. साध्या ल्युमेट्रीवर (प्रीमियरच्या कलर इफेक्टवर) सगळीकडं लाल दिसत असेल तर फाइल, प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरलमध्ये जाऊन रेंडरर बघा. 'सॉफ्टवेअर ओन्ली' असेल तर कार्ड नुसतं शोभेला बसलंय. ड्रायव्हर बिघडला किंवा अपडेट अर्धवट झाला की प्रीमियर गुपचूप तिथं जातं. एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर क्लीन इन्स्टॉल करा. दुसरी सवय मोडायची ती तीन तासांच्या टाइमलाइनवर एकच लांबलचक अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकण्याची. त्यात टिचभर बदल केला की खालचं सगळं हिरवं पुन्हा लाल. हळद, लग्न, वरात असे त्याचे तुकडे करा.

वेग आहे, पण रंगच चुकतोय

लॉग फुटेज (मुद्दाम फिकं-सपाट शूट केलेलं) भडक, काळवंडलेलं किंवा चेहरे भाजल्यासारखे दिसत असतील तर पहिला संशय दुहेरी रूपांतराचा घ्या. प्रोजेक्टमध्ये कलर मॅनेजमेंट चालू आहे, त्यानं एस-लॉग३चं (सोनीच्या लॉगचं) रेक.७०९, म्हणजे नेहमीच्या टीव्हीचे रंग, आधीच करून दिलंय आणि वर तुम्ही पुन्हा एस-लॉगची लट लावलीय. दोघांपैकी एकच ठेवा. नव्या प्रीमियरमध्येही लॉग आपोआप ओळखण्याची सोय आहे, तिथंही हीच गल्लत होते. लट लावत असाल तर एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लटच्या आधीच्या नोडमध्ये करा. लटनं पांढऱ्याचा चुथडा केल्यावर मागं काही उरत नाही.

काळं राखाडी दिसतंय किंवा उलट सावल्या बुडाल्यात, तर क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स 'व्हिडिओ' आणि 'फुल' अशा आलटून पालटून बघा. आयफोनच्या क्लिप पांढऱ्याफटक येत असतील तर त्या एचडीआर आहेत, आधी रेक.७०९मध्ये आणा.

हळदीच्या कार्यक्रमात ऑटो व्हाइट बॅलन्सवर भरवसा ठेवू नका, ना कॅमेऱ्याच्या ना सॉफ्टवेअरच्या. सगळी फ्रेमच पिवळी असल्यामुळे ऑटो ते पिवळेपण दोष समजून काढतो आणि नवरदेव निळसर पडतो. पांढरं म्हणून नवरदेवाचा बनियन धरता येत नाही, त्यावर हळद असते. आपल्याकडच्या लग्नात सगळ्यात भरवशाचं पांढरं म्हणजे मागं बसलेल्या आजोबा-काकांची टोपी. गुलाबी-निळ्या मांडवाच्या कापडातून आलेल्या उन्हाचा रंग त्या टोपीवर जसाच्या तसा उतरलेला असतो. आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख) उघडा आणि टोपी असलेली फ्रेम घ्या. उन्हात तळपणारा भाग घेऊ नका, कारण तिथं तिन्ही चॅनेल सगळ्यात वरच्या १०२३ला जाऊन टेकलेले असतात आणि खोटं पांढरं दाखवतात. घडीच्या सावलीतला भाग घ्या. तिथं लाल, हिरवा, निळा एका उंचीवर येईपर्यंत गेन हलवा. मग व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) हळद न लागलेल्या कुणाचा तरी चेहरा स्किन टोनच्या रेषेजवळ येतो का ते बघा. तो आला की नवरीच्या गालावरची हळद जेवढी पिवळी दिसते तेवढीच राहू द्या, ती तशीच असते.

वरातीतला गुलाल आणि डीजेच्या जांभळ्या एलईडीत चेहऱ्यांचे सपाट डाग पडतात, कारण एक चॅनेल भरून वाहिलेला असतो. गेलेला तपशील कुठल्याच नोडनं परत येत नाही. ह्यू व्हर्सेस सॅट कर्व्हवर तेवढाच रंग खाली आणून डाग सौम्य करता येतो, तेही लटच्या आधी. फ्रेमवर वरखाली सरकणारे पट्टे दिसत असतील तर शटर चुकलंय. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा २५ फ्रेमला १/५० ठेवायला शूटिंगवाल्याला सांगा.

सप्ताहातल्या कीर्तनाचं तीन कॅमेऱ्यांचं काम असेल तर कलरच्या आधी मल्टिकॅम क्लिप 'फ्लॅटन' करा. मग प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा ग्रुप बनवून 'ग्रुप प्री-क्लिप'मध्ये एकदाच जुळवणी करा. महाराजांच्या पांढऱ्या फेट्यावर तिन्ही कॅमेरे जुळले की बाकी आपोआप जुळतं.

रेंडर मधेच थांबतं

किती टक्क्यांवर थांबलं ते लिहून ठेवा आणि पुन्हा लावा. दोन्ही वेळा त्याच फ्रेमवर थांबलं तर तिथली क्लिप किंवा इफेक्ट खराब आहे. त्या जागेचे नोड बंद करून बघा, नाही जमलं तर तेवढी क्लिप आधी डीएनएक्सएचआरमध्ये बदलून घ्या. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर प्रोजेक्टला हात लावू नका. कारण उष्णता, वीज किंवा रॅम.

परभणी-नांदेडचा पारा मे महिन्यात ४२च्या पुढं जातो, पत्र्याच्या गाळ्यात त्याहून वाईट. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांजवळ गेले की स्वतःच वेग कमी करतात, ग्राफिक्स कार्डं त्याच्या बरीच आधी. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास रेंडर करा. तापमान चढतंय आणि प्रोसेसरचा क्लॉक स्पीड उतरतोय असं दिसलं तर कॅबिनेट उघडून ब्लोअरनं धूळ काढा. फुंकताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जातं. तीन-चार वर्षांचं मशीन असेल तर थर्मल पेस्ट बदला. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. दमट हवेत धूळ चिकटून तिचा थर बसतो. मोठी रेंडरं रात्री लावलेली उत्तम.

विजेचं म्हणाल तर ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट. कटिंग करताना तो पुरतो. रेंडरला सीपीयू आणि कार्ड दोन्ही भरात आले की बीप देऊन बसतो आणि दिवे असतानाही मशीन बंद पडतं. एक केव्हीएच्या खाली जाऊ नका. घरगुती इन्व्हर्टरवर असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षणभर वेळ कॉम्प्युटरला सहन होत नाही.

एमपी४ फाइलची सूची सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ९८ टक्क्यांवर लाइट गेली तरी फाइल उघडत नाही, आधीचे तीन तास वाया. म्हणून लांब काम वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत डीएनएक्सएचआरमध्ये काढा, तुकडे नव्या टाइमलाइनवर जोडा आणि तिथून एमपी४ करा. कलरचं जड गणित आधीच झालेलं असल्यामुळे हा शेवटचा रेंडर झपाट्यानं होतो.

रेंडर झालेल्या फाइलमध्ये हिरवे चौकोन किंवा फाटलेल्या फ्रेम दिसल्या तर प्रीमियरमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग'ऐवजी 'सॉफ्टवेअर' घेऊन तेवढाच भाग काढा. चौकोन गेले तर ड्रायव्हर, राहिले तर कॅश किंवा मूळ क्लिप.

पेन ड्राइव्ह देण्याआधी

गावाकडं लग्न बघितलं जातं टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून. जुन्या टीव्हीला एच.२६५ आणि १०-बिट कळत नाही. एच.२६४, १०८०, २५ फ्रेम, ८-बिट, १६ एमबीपीएस, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ एवढं द्या. तीन तास साधारण २२ जीबीत बसतात, ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. बरेच टीव्ही फक्त फॅट३२ वाचतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. १६ एमबीपीएसला ४ जीबी म्हणजे सुमारे ३५ मिनिटं, तेव्हा भाग त्याहून लहान करा आणि नावांआधी ०१, ०२ असे आकडे लावा, नाहीतर टीव्ही हळदीच्या आधी वरात लावतो. 'रंग भडक आलेत' असा फोन आला तर आधी टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'स्टँडर्ड' करायला सांगा, फाइलला नंतर हात लावा.